बियांचा रंग कुठून येतो? जनुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियांच्या रंगाबद्दल जे प्रश्न येतात ना, त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न एका गोष्टीने सुटतात, ती म्हणजे रंग बीच्या कुठल्या थरात आहे हे आधी बघायचं. लोक थेट "कुठलं जनुक?" असं विचारतात, पण थर कळल्याशिवाय जनुकाचं नाव कळून काही उपयोग होत नाही, म्हणून पहिला प्रश्न जरा सावकाश वाचा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

प्रश्न: थर म्हणजे नक्की काय? बी म्हणजे बी ना?

नाही, एका बीमध्ये दोन पिढ्या एकत्र राहत असतात. वाळलेला वाटाणा रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी नखाने सोला. वरचं पातळ टरफल निघून येतं, ते बोटावर ठेवून उजेडाकडे धरलं तर जवळजवळ पारदर्शक दिसतं किंवा मळकट तपकिरी, आणि आत दोन टणक डाळी, पिवळ्या नाहीतर हिरव्या, आणि त्यांच्या कडेला छोटासा कोंब. आता गंमत बघा, ते टरफल आईच्या, म्हणजे ज्या झाडावर बी लागलं त्याच्या, शरीराचा भाग आहे, परागकण कुठलाही आला तरी टरफलाला काही फरक पडत नाही, कारण ते आईच्याच पेशींपासून बनलेलं असतं. आतल्या डाळी आणि कोंब मात्र नवीन पिढी, अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं.

मका, गहू, भात यांच्यात अजून एक भाग असतो, भ्रूणपोष, म्हणजे पिठाचा साठा. तो तर आणखी वेगळा, त्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, दोन आईकडून आणि एक बापाकडून. (हे दुहेरी फलन १८९८ मध्ये सेर्गेई नवाशिन यांनी दाखवलं, त्याआधी मक्याच्या दाण्यांचे रंग म्हणजे कोडंच होतं.) या भ्रूणपोषाचा सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे अल्युरोन, मक्यात तो फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो आणि जांभळा रंग बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो. त्याच्याही वर फळाची साल, ती परत आईची.

म्हणजे रंग टरफलात किंवा सालीत असेल तर तो आईचा, आणि डाळीत, पिठात किंवा अल्युरोनमध्ये असेल तर तो नवीन पिढीचा. एवढं डोक्यात ठेवा.

प्रश्न: रंगद्रव्यं किती प्रकारची असतात?

मुख्य तीन कुळं. हिरवा रंग हरितद्रव्याचा म्हणजे क्लोरोफिलचा. पिवळा-नारिंगी बहुतेक वेळा कॅरोटिनॉइडचा, पिवळा मका त्याचं सरळ उदाहरण. आणि लाल, जांभळा, काळा, तपकिरी हे बहुतेक फ्लॅव्होनॉइडचे, त्यात अँथोसायनिन आलं, टॅनिन आलं, मक्याच्या सालीतला विटकरी रंग आला. काही बार्लीच्या जातींमध्ये काळेपणा मेलॅनिनचा असतो, तो वेगळा.

फ्लॅव्होनॉइडचं कारखान्यासारखं आहे, एका एन्झाईमने (रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रोटीनने) केलेलं पुढच्याकडे जातं, पुढचा त्यात बदल करतो, असं करत करत शेवटी रंग तयार होतो. मधला एक जरी नसला तरी साखळी तिथेच थांबते. आणि या सगळ्यांना "चला, कामाला लागा" असं सांगणारी दोन-तीन प्रोटीनं असतात जी एकत्र येऊन बटण दाबतात, शास्त्रज्ञ त्यांना एमवायबी, बीएचएलएच आणि डब्ल्यूडी४० म्हणतात. नावं अवघड आहेत पण लक्षात ठेवा, कारण भात, गहू, वाटाणा, हरभरा, ज्वारी, कुठेही गेलात तरी पांढऱ्या बीच्या मागे बऱ्याचदा याच तिघांपैकी कोणीतरी बिघडलेलं सापडतं. मला तरी ही गोष्ट फार सुंदर वाटते, वेगवेगळ्या पिकांमध्ये वेगवेगळ्या काळात माणसाने पांढरं बी निवडलं आणि हात मात्र त्याच मोजक्या जनुकांवर पडला.

प्रश्न: मक्याच्या एकाच कणसात जांभळे, पिवळे, पांढरे दाणे येतात, मग घेवड्याच्या एका झाडावर सगळे दाणे एकाच रंगाचे का?

वरचा थराचा नियम लावा. मक्यातला जांभळा रंग अल्युरोनमध्ये आणि पिवळा रंग पिठात, म्हणजे दोन्ही नवीन पिढीचे. कणसावरचा प्रत्येक दाणा वेगळ्या परागकणाने तयार झालेला, प्रत्येक स्त्रीकेसर म्हणजे ते रेशमासारखे धागे, एका धाग्याला एक दाणा, त्यामुळे शेजारी शेजारी बसलेले दाणे सुद्धा भावंडं असली तरी सारखी नसतात. शेजारच्या शेतातला पराग वाऱ्याने आला तर त्याच हंगामात त्याच कणसावर रंग बदललेला दिसतो, याला झेनिया म्हणतात.

घेवड्याचा रंग टरफलात, टरफल आईचं, आई एकच, म्हणून झाडावरच्या सगळ्या शेंगांमधले दाणे सारखे. घेवड्याच्या एका दाण्यावर नक्षी असते ती सुद्धा सगळ्या दाण्यांवर त्याच धर्तीची येते. मक्याची साल लाल असणाऱ्या जाती असतात, तिथे मात्र अख्खं कणीस लाल असतं, कारण साल आईची. म्हणजे एकाच पिकात दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात.

प्रश्न: मी पांढऱ्या जातीच्या फुलावर लाल जातीचा पराग लावला, पण आलेलं बी पांढरंच! क्रॉस फसला का?

फसला असंच काही नाही, आणि कृपा करून ते बी फेकू नका! हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे कारण या एका गैरसमजापायी कितीतरी चांगले क्रॉस कचऱ्यात जातात. रंग टरफलात किंवा सालीत असेल तर क्रॉस केलेल्या फुलातून आलेलं बी आईसारखंच दिसणार, पराग कितीही रंगीत असला तरी. ते बी पेरा, त्यातून जे झाड येईल ते खरं एफ वन, म्हणजे क्रॉसची पहिली पिढी, आणि त्या झाडावर जे दाणे लागतील त्यांचं टरफल एफ वनचं असेल, तिथे लाल दिसायला लागेल. पुढच्या पिढीतली वाटणी म्हणजे तीनास एक वगैरे, ती बघायला अजून एक हंगाम लागतो आणि तिथे दाणे नाही तर झाडं मोजायची, एका झाडाचे सगळे दाणे म्हणजे एक नोंद.

उलट मसुरात बघा. डाळीचा रंग नवीन पिढीचा आणि लाल डाळ पिवळ्यावर प्रभावी, म्हणजे एकाकडून लाल आणि एकाकडून पिवळं जनुक आलं तर लालच दिसते. पिवळ्या डाळीच्या झाडावर लाल डाळीचा पराग लावला आणि क्रॉस जमला असेल तर त्याच बीचं टरफल थोडं खरवडलं की आत लाल दिसते, एक हंगाम वाट बघायची गरज नाही.

प्रश्न: मेंडेलच्या वाटाण्यात हिरव्या-पिवळ्याचं जनुक सापडलं का?

हो, २००७ मध्ये. मेंडेलने १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे असे ८,०२३ दाणे मोजलेले आहेत, म्हणजे ३.०१ ला १. त्याला जनुक म्हणजे काय हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, जनुक हा शब्दच १९०९ मध्ये योहान्सन यांनी आणला.

आता हे जनुक काय करतं ते ऐका, कारण बहुतेकांना वाटतं की पिवळ्या दाण्यात पिवळा रंग "तयार" होतो आणि म्हणून तो प्रभावी. तसं नाहीये. कच्चा असताना प्रत्येक वाटाणा हिरवाच असतो. पिकताना क्लोरोफिल मोडून टाकायचं काम सुरू होतं आणि त्यासाठी हे जनुक लागतं, क्लोरोफिल गेलं की खालचा पिवळा उघडा पडतो. हिरव्या वाटाण्यात ते जनुक बिघडलेलं असतं, क्लोरोफिल मोडतच नाही, म्हणून वाळल्यावरही हिरवा. आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक चालू असली तरी मोडायचं काम होऊन जातं, म्हणून पिवळा प्रभावी. अशा झाडांची पानं सुद्धा वाळताना हिरवट राहतात, रोपं शेवटाला आली की नीट बघा, दिसेल.

मेंडेलने टरफलाचा रंगही बघितला होता आणि त्याच्या लक्षात आलं होतं की जांभळं फूल, करड्या-तपकिरी टरफलाचं बी आणि पानाच्या बेचक्यात लालसर डाग या तिन्ही गोष्टी कायम बरोबर येतात. कारण तीन नाहीत, एकच जनुक आहे, वर सांगितलेल्या बटणवाल्या बीएचएलएचचं. हरभऱ्यात पण असंच, काबुली हरभऱ्याचं फूल पांढरं आणि देशीचं बहुतेक गुलाबी-जांभळं, म्हणजे फुलावरूनच बीचा अंदाज येतो.

प्रश्न: तांदूळ मुळात लाल होता म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे. जंगली भाताची कोंड्याची साल लाल असते. हा रंग चालू करणाऱ्या जनुकाचं नाव आरसी, आणि पांढऱ्या जातींपैकी बहुतेक सगळ्यांमध्ये या जनुकातली १४ अक्षरं गळालेली आहेत, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. डीएनएची अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटाने वाचते, १४ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं, अर्थ लागत नाही आणि प्रोटीन अर्धवट राहतं.

आणि आता याच्यापुढची गोष्ट. एका पांढऱ्या जातीत आपोआप लाल दाण्याची झाडं निघाली, कोणी क्रॉस केला नव्हता, आणि तपासलं तेव्हा कळलं की त्याच जनुकात त्या जागेच्या जरा अलीकडे अजून एक अक्षर गळालंय. १४ आणि १ मिळून १५, पंधराला तीनने भाग जातो! वाचन परत ताळ्यावर आलं आणि लाल रंग परत आला. २००८ मध्ये हे छापून आलं. जनुकं कशी वाचली जातात हे कोणाला समजावायचं असेल तर याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

काळ्या तांदळाचं वेगळं, तिथे कला४ नावाच्या जनुकाच्या आधीच्या भागात, म्हणजे ते कुठे आणि कधी चालू व्हायचं हे ठरवणाऱ्या भागात उलथापालथ झाली आणि जे जनुक दाण्याच्या सालीत गप्प असायचं ते तिथे चालू झालं. म्हणजे पांढरा हा बिघाडाने आलेला आणि काळा हा नव्या ठिकाणी चालू झाल्यामुळे. दोन्ही रंग कोंड्याच्या थरातच असतात म्हणून पॉलिश केलं की निघून जातात.

प्रश्न: माझ्या मोजणीत ३:१ येतच नाही, काय चुकलं?

आधी बघा की एकच जनुक आहे का. मक्याच्या जांभळ्या अल्युरोनसाठी सी आणि आर ही दोन्ही जनुकं लागतात (खरं तर अजून बरीच लागतात, पण ती दोन्हीकडे सारखी असतील तर मोजणीत दिसत नाहीत). दोन्हींमध्ये फरक असेल तर ९:७ येतं, म्हणजे ४०० दाण्यांच्या कणसावर साधारण २२५ जांभळे आणि १७५ बिनरंगाचे. दोनशेच्या आसपास बघून लोक "अर्धे-अर्धे" लिहून टाकतात आणि मग हिशेब लागत नाही.

गव्हात उलटं. लाल रंगासाठी तीन जनुकं, तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, आणि त्यातलं एकही चालू असलं तरी दाणा लाल. तिन्ही बंद तरच पांढरा. तिन्हींमध्ये फरक असलेला क्रॉस केला तर ६३ लाल आणि १ पांढरा, स्वीडनमध्ये निल्सन-एले यांनी १९०९ मध्ये हे दाखवलं. त्यात लालाच्या छटा पण असतात, जेवढ्या चालू प्रती जास्त तेवढा गडद. ५० झाडं लावून पांढरं मिळालं नाही म्हणून निराश होऊ नका, चौसष्टात एकच अपेक्षित आहे.

प्रश्न: आई पिवळी, बाप पांढरा किंवा उलट, मक्यात फरक पडतो का?

पडतो. पिठात आईचे दोन संच असतात ना, म्हणून आई पिवळी असेल तर पिवळ्या जनुकाच्या दोन प्रती जातात, बाप पिवळा असेल तर एकच, आणि दुसऱ्या बाबतीत दाणा फिका दिसतो. दोन्ही कणसं शेजारी ठेवली तर डोळ्यांना कळतं.

पण आर जनुकाचं प्रकरण याहून खोल आहे. ते आईकडून आलं तर दाणा अख्खा रंगलेला, बापाकडून आलं तर ठिपक्याठिपक्यांचा. आधी वाटायचं की हा पण प्रतींचा हिशेब असेल, पण केर्मिकल यांनी १९७० मध्ये प्रतींची संख्या सारखी ठेवून दाखवलं की नाही, जनुक कोणाकडून आलं याचीच खूण त्यावर असते. अक्षरं तीच, पण वागणूक वेगळी.

प्रश्न: काही मक्याच्या दाण्यांवर शाई शिंपडल्यासारखे ठिपके असतात, तो रोग आहे का?

मक्यात बऱ्याचदा नाही, ती उड्या मारणाऱ्या जनुकांची खूण असते. डीएनएचा एक तुकडा रंगाच्या जनुकात येऊन बसतो, जनुक बंद पडतं, दाणा बिनरंगाचा व्हायला लागतो, मग दाणा वाढत असतानाच एखाद्या पेशीत तो तुकडा उडून जातो, जनुक परत चालू होतं आणि त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी रंगीत होतात. एक ठिपका म्हणजे एक उडी. मोठा ठिपका म्हणजे उडी लवकर मारली, टाचणीच्या टोकाएवढा म्हणजे अगदी शेवटी. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात असे दाणे बघून बघून हे ओळखलं, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती, आणि नोबेल मिळालं १९८३ मध्ये. एक साधं भिंग घ्या आणि असा दाणा बघा, त्या बाईंनी जे बघितलं तेच तुम्हाला दिसेल.

सोयाबीनमध्ये मात्र रोगाचा संबंध असू शकतो. जंगली सोयाबीन काळं असतं, लागवडीचं बहुतेक पिवळं, आणि पिवळ्यात रंगाच्या साखळीतलं पहिलं एन्झाईम, कॅल्कोन सिंथेस, ते टरफलात दाबून ठेवलेलं असतं. दाबतं कोण, तर छोटे छोटे आरएनए, म्हणजे डीएनएसारखेच पण छोटे रेणू. आता मोझॅक व्हायरस झाडात शिरला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी झाडाची ही आरएनएची यंत्रणाच बंद पाडतो, आणि मग दाबलेला रंग टरफलावर डागांसारखा उमटतो. म्हणजे डागांचा रंग व्हायरसचा नाही, तो सोयाबीनचा स्वतःचा जुना रंग आहे.

प्रश्न: गडद बी चांगलं की पांढरं?

कशासाठी, ते सांगा. गडद टरफलात टॅनिन वगैरे असतं, बुरशी आणि कीड थोडी लांब राहते, पाणी सावकाश शिरतं. लाल गहू काढणीच्या वेळी पाऊस आला तर पांढऱ्याच्या मानाने कणसातच मोड यायला जास्त टिकाव धरतो, हा फार मोठा फायदा आहे. भाताचं ते आरसी जनुक सुद्धा बीच्या सुप्तावस्थेशी जोडलेलं आहे. टॅनिनवाली ज्वारी पक्षी कमी खातात, पण तेच टॅनिन प्रथिनं पचायला आड येतं. मोहरीवर्गात पिवळं बी पसंत करतात कारण टरफल पातळ, चोथा कमी आणि तेलाचं प्रमाण सहसा जास्त.

एक सावधगिरी, ज्वारीचा दाणा लाल म्हणजे टॅनिन असणारच असं नाही. लाल रंग वरच्या सालीत आणि टॅनिन त्याखालच्या थरात, परत थराचीच गोष्ट. दाणा वरून पांढरट असून आत टॅनिनचा थर असू शकतो.

प्रश्न: खत बदललं तर रंग बदलेल का?

छटा बदलते, जात बदलत नाही. ऊन आणि थंडीने अँथोसायनिन कमी-जास्त होतं, कच्चं काढलेलं बी हिरवट राहतं, पाऊस लागला तर काळपट पडतं. पण हे पुढच्या पिढीत जात नाही. साठवणीतही घेवडा गडद होत जातो, टॅनिनसारखी द्रव्यं हवेने बदलतात, उष्णता आणि ओलावा असेल तर लवकर. काही जाती मात्र सावकाश गडद होतात आणि तो गुण जनुकीय आहे, पैदासकार मुद्दाम निवडतात.

प्रश्न: रंगीत बी म्हणजे जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं) का?

नाही. वर सांगितलेले सगळे रंग नैसर्गिक आहेत. गोल्डन राइस हे जीएमचं खरं उदाहरण, पोट्रिकुस आणि बायर यांनी २००० मध्ये दाखवलं, तांदळाच्या दाण्याच्या आतल्या भागात कॅरोटिनॉइड तयार व्हावं म्हणून बाहेरची जनुकं घातली, म्हणून तो पॉलिश केल्यावरही पिवळा राहतो.

आणि गुलाबी, निळं, झगझगीत हिरवं बियाणं पाकिटातून निघालं तर तो जनुकाचा रंग नाहीच, औषध लावलेलं आहे हे कळावं म्हणून वरून दिलेला रंग आहे. ते खायचं नाही, जनावरांना घालायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे.

प्रश्न: साठवलेल्या बियांमध्ये एकच वेगळ्या रंगाचा दाणा सापडला, काय करू?

मका असेल तर बहुधा याच हंगामात बाहेरचा पराग आलेला आहे. टरफलात रंग असणारं पीक असेल आणि एका झाडाचे सगळेच दाणे वेगळे असतील तर तो क्रॉस गेल्या हंगामातला, किंवा साधी भेसळ. एक-दोन दाण्यांवरच डाग असतील तर आधी रोग, पाऊस बघा. ठरवता येत नसेल तर तो दाणा वेगळा पेरा, झाडाला खुणेची चिठ्ठी बांधा, फुलाचा रंग लिहून ठेवा, फुलांवर बारीक जाळीची पिशवी घाला म्हणजे नवीन पराग येणार नाही (मका असेल तर त्याचाच तुरा त्याच्याच कणसावर हाताने झाडावा लागेल), आणि येणारे दाणे दुसऱ्या पाकिटात. नुसती भेसळ असेल तर पुढेही सगळं एकसारखं येत राहील. क्रॉस असेल तर मक्यात पहिल्याच कणसावर दाणे वेगवेगळे दिसतील, आणि टरफलवाल्या पिकात त्यातले वीस-पंचवीस दाणे अजून एकदा पेरावे लागतील, तेव्हा कुठे झाडाझाडांत फरक दिसेल.